सादला हात लावायचा नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

नवी नोकरी, नवी वही. वही विमल आत्याने दिली. रोज चार ओळी लिहायच्या, म्हणजे डोकं जागेवर राहतं, असं तिचं म्हणणं. आत्या तीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात होती, त्यामुळे सर्दीपासून प्रेमभंगापर्यंत सगळ्यावर तिच्याकडे एकच औषध असतं, वाचा नाहीतर लिहा. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं, तेव्हा ऐकणं भाग आहे.

ऑफिस ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या बाजूच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खिडकी उघडली की डेपोतली बाई महाड, चिपळूण, राजापूर अशी गावं पुकारत असते आणि आमचे मालक गुणाजी सर राजापूर ऐकलं की काम सोडून कान टवकारतात. त्यांचं गाव तिकडचं. माणसं म्हणाल तर आम्ही तिघंच. सर, फोन सांभाळणारी जागृती आणि मी. जागृतीने पहिल्याच दिवशी डब्यातली सुकट दिली. मी ती पूर्ण संपवली. मैत्री झाली.

कंपनीची एकच वेबसाइट आहे, तिचं नाव ‘सोबत’. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी आहे. मुलं पुण्याला किंवा परदेशात. म्हाताऱ्यांनी रोज सकाळी नऊच्या आत फोनवर ‘मी ठीक आहे’ हे बटण दाबायचं. दाबलं की आमच्या भिंतीवरच्या स्क्रीनवर त्यांचं नाव हिरवं होतं. नाही दाबलं तर लाल. मग जागृती फोन करते, उत्तर नाही आलं तर शेजाऱ्यांना दार वाजवायला सांगते. मला हे काम फार आवडलं. याआधीच्या नोकरीत मी लोकांना चपलांच्या जाहिराती दाखवत होते.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज कोड नीट उघडून पाहिला. हे राम.

आत्याला समजावं म्हणून मी जसं सांगितलं तसंच इथे लिहिते. वेबसाइट कुणीच पूर्ण स्वतः लिहीत नाही. जगात कुणीतरी लिहून ठेवलेली छोटी तयार पॅकेजं आणायची आणि त्यांच्यावर आपलं काम उभं करायचं. ती पॅकेजंही आणखी दुसऱ्या पॅकेजांवर उभी असतात. वेळच्या वेळी ती बदलत राहिली तर सगळं सुरळीत चालतं. इथे कित्येक वर्षं कुणी काही बदललेलंच नाही. दुसऱ्याच्या घरातला माळा आवरायला चढावं तसं झालंय. एक डबा ओढला की चार अंगावर येतात.

आणि यात हसण्यासारखं काही नाही. नव्या फोनवर बटण दाबलं तरी ते आमच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून रोज सकाळी निम्मी भिंत लाल असते. जागृती फोन करून करून घसा बसवते. एका आजोबांनी तिला आज झापलं, "मेलो नाय मी अजून, रोज रोज काय विचारतेस?" पण ज्या दिवशी एखादं लाल खरं असेल, त्या दिवशी ते या खोट्या लालांत बुडून जाईल. तेच होऊ नये म्हणून मला घेतलंय.

कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सेवा फुकट आहे. मी आत्याचं नाव घातलं. ती डोंबिवलीला एकटी राहते. मी आणि बाबा कल्याणजवळ मोहन्याला. कितीदा बोलावलं तरी येत नाही, तिला म्हणे तिची खुर्ची आणि तिची खिडकी लागते. गुडघा दुखतो, रक्तदाब आहे, बाथरूममध्ये पडली तर कुणाला कळणार नाही, या विचाराने मी रात्र रात्र जागते. आता तरी निदान रोज सकाळी कळेल. आधी ती चिडली, मग म्हणाली, "बरं बाई, हजेरी लावते."

१० फेब्रुवारी, सोमवार

बरीच चढाई झाली. लाल एरर कमी होत होत आता एकाशी येऊन अडल्या आहेत. एक पॅकेज आहे, त्याचं नाव ‘साद’. म्हाताऱ्यांना सकाळी आठवण पाठवणं आणि त्यांचं उत्तर घेणं हे ते करतं. म्हणजे सगळ्या वेबसाइटचा जीवच तो. ते बाहेरचं नाही, याच ऑफिसातल्या सर्वेशने लिहिलेलं आहे. माझ्या आधी माझ्या खुर्चीवर तो बसायचा. गेल्या वर्षी वारला. त्याच्याबद्दल विचारलं तर सरांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

‘साद’ ज्याच्यावर उभं आहे ते पॅकेज इतकं जुनं आहे की ते असेपर्यंत दुसरं काहीच नवं करता येत नाही. मी सरांना सांगितलं की साद काढून टाकते आणि तेच काम पन्नास ओळींत नव्याने लिहिते. सर एकदम उभे राहिले. बाकी पाहिजे ते कर, पण सादला हात लावायचा नाही, असं म्हणाले. का, ते काही सांगेनात. प्रत्येक कंपनीत असा एक कोपरा असतो, चालतंय ना, मग राहू दे. मला या वृत्तीची चीड येते. हे कॅलेंडर बनवायचं ॲप नाही, इथे आत्याचं नाव आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल सर बँकेत गेले होते. मी साद काढली. माझं नवं लिहिलं, तपासलं, लावलं. जुन्या मशीनवरची सगळी जुनी पॅकेजंही पुसून टाकली, पुन्हा घाण नको.

आणि आज सकाळी नऊच्या आत सगळी भिंत हिरवी! एकही लाल नाही. जागृतीने मला मिठीच मारली. तिला फोनच करायचे नव्हते, म्हणून ती खाली जाऊन वडापाव घेऊन आली. सरांनी भिंतीजवळ जाऊन एकेक नाव वाचलं. कसं केलंस, असं विचारलं. मी म्हटलं, सगळं अपडेट केलं. खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. उद्या-परवा शांतपणे सांगेन. त्यांनाही पटेल.

आत्याचं नावही हिरवं. संध्याकाळी फोन केला तर अर्धा तास गॅसवाल्याची कुरकूर, शेजारच्या सोनटक्क्यांच्या कुत्र्याची कुरकूर, आणि शेवटी म्हणाली की आमच्या ऑफिसातला मुलगा फार गोड बोलतो.

ऑफिसात मुलगा नाही. जागृतीच्या बसलेल्या घशाला मुलगा समजली असेल, असं म्हणून मी हसले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही सगळं हिरवं. पण एक गोष्ट मला आवडली नाही. नावं एकेक करून हिरवी होत नाहीत. एकदम होतात, सगळी मिळून. म्हातारी माणसं काय एकाच क्षणी बटण दाबतात? कुणी पहाटे उठतं, कुणी पूजा झाल्यावर फोन हातात घेतं.

मी आत जाऊन पाहिलं. उत्तरं आलेली आहेत, पण ती कुठल्या फोनवरून आली ते कुठेच नाही. माझ्या पन्नास ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. चूक नाही. मी मुद्दाम एक ओळ मोडून ठेवली, तरी एरर आली नाही. इतकी वर्षं मी एरर न येण्यासाठी धडपडतेय आणि आज ती यावी म्हणून वाट बघत बसले.

दुपारी पुण्याहून एका माणसाचा फोन आला. त्याची आई गोदूबाई, कल्याणला राहते. आईचा मोबाइल सोमवारपासून दुरुस्तीला दुकानात पडलाय, मग ती तुमच्याकडे रोज हिरवी कशी, असं तो विचारत होता. जागृतीने तिथल्या तिथे गोदूबाईंच्या घरच्या फोनवर लावला. त्यांनी उचलला. "मी ठीक आहे," एवढंच म्हणाल्या आणि ठेवला. मुलाला तसं कळवलं. तो तरीही उद्या येतो म्हणाला. आईला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला बरं वाटणार नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गोदूबाई गेल्या.

मुलाने दार तोडलं. डॉक्टर म्हणाले, मंगळवारी-बुधवारीच गेल्या असणार. वासानेही तेच सांगितलं असेल, पण तो मुलगा फोनवर तेवढं बोलू शकला नाही.

काल जागृतीच्या फोनला उत्तर कुणी दिलं?

ती हुंदके देत होती, "अगं मी आवाज ऐकला ना गं, बाईचाच होता, शप्पथ." मग मी तिला सांगितलं की मी साद काढलीय. ती रडायची थांबली. मग तिने सर्वेशबद्दल सगळं सांगितलं.

सर्वेश कल्याणला एकटा राहायचा. ‘सोबत’ नीट चालते का ते तपासायला म्हणून त्याने स्वतःचं नावही भिंतीवर टाकलं होतं आणि ते रोज आपोआप हिरवं व्हावं असं करून ठेवलं होतं. गेल्या वर्षी तो घरून काम करत होता. झोपेत गेला. कितीतरी दिवस कुणाला कळलं नाही. ऑफिसात सगळे रोज सकाळी भिंत बघायचे आणि म्हणायचे, सर्वेश ठीक आहे.

दहाव्याला पिंड ठेवला खाडीवर. कावळा शिवेना. मामाने शब्द दिला, आईला सांभाळतो म्हणून. नाही शिवला. मित्राने कर्ज फेडतो म्हटलं. नाही शिवला. ऊन चढलं, सर्वेशची आई ओरडून रडायला लागली. तेव्हा गुणाजी सर पुढे झाले आणि मोठ्याने म्हणाले, सर्वेश, तुझ्या सादला कुणी हात लावणार नाही, कंपनी आहे तोवर ती चालेल. त्याच क्षणी कावळा खाली आला.

दिलेला शब्द मी मोडला. मला कुणी सांगितलंच नव्हतं की शब्द दिलाय.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी पहिलं काम, आत्याचं नाव सोबतमधून काढून टाकलं. मग डोंबिवलीला गेले. आत्याने दार उघडलं तेव्हा मी तिला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, "अगं, गुडघा!" घावणे केले होते. खुर्चीत बसून ती मला सगळ्या इमारतीच्या भानगडी सांगत होती आणि मी फक्त तिच्याकडे बघत होते. जिवंत आहे, बोलतेय, चिडतेय.

मग म्हणाली, तो मुलगा रोज सकाळी फोन करतो. ठीक आहात ना, एवढं विचारतो आणि ठेवत नाही. पलीकडे नुसता असतो. तिला त्याची दया येते. बिचाऱ्याला कुणी नसावं, असं म्हणाली. मी तिला हात जोडून सांगितलं की उचलू नको. मोहन्याला चल, आत्ता. ती म्हणाली, आत्ता नाही, घर आवरायला दोन दिवस दे, बुधवारी शिवजयंतीची सुट्टी आहे तेव्हा बाबांना रिक्षा घेऊन पाठव. कबूल झाली, हेच खूप. मी जास्त ताणलं नाही.

ताणायला हवं होतं का?

१७ फेब्रुवारी, सोमवार

सरांना सगळं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी माझी खुर्ची पुढे ओढून दिली.

साद परत लावायची. जुना कोड आहे, काढला तरी त्याची प्रत साठवलेली असते. पण लागत नाही. साद ज्याच्यावर उभी होती ते जुनं पॅकेज आता जगात कुठेच नाही. लिहिणाऱ्याने केव्हाच काढून टाकलंय. शेवटची प्रत आमच्या जुन्या मशीनवर होती. ती मीच पुसली, घाण म्हणून.

पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. दर वेळी ते नाही म्हणून एरर यायला हवी. येत नाही. पडद्यावर एकच ओळ येते.

सर्व ठीक आहे.

हे वाक्य मी लिहिलेलं नाही. सर्वेशनेही नाही, त्याचा सगळा कोड मी वाचलाय.

भिंतीवर आत्याचं नाव परत आलंय. हिरवं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सर पहाटे खाडीवर गेले होते, भात घेऊन. माफी मागितली म्हणाले. कावळे कठड्यावर ओळीने बसले होते, एकही उतरला नाही.

‘सोबत’ बंद केली. मशीनची, स्क्रीनची वायरच काढली. नऊ वाजले, भिंत हिरवी झाली. बंद स्क्रीनवर.

जागृती शेजाऱ्यांना फोन करतेय, एकेक दार वाजवायला सांगतेय. आतून सगळे म्हणतात ठीक आहे. दार कुणीच उघडत नाही. ती पोलिसांशी बोलली. ते म्हणाले, माणूस आतून ठीक आहे म्हणतोय, मग दार का तोडायचं?

दुपारी आत्याला फोन. उचलला. मी म्हटलं, आत्या, आज काय केलंस जेवायला?

मी ठीक आहे.

आत्या, सोनटक्क्यांचं कुत्रं—

मी ठीक आहे.

ती कधी एवढ्यावर थांबत नाही. कधीच नाही. मी लगेच निघाले, तर बाबांचा फोन आला, ते तिच्याकडेच जाऊन आले होते. दारातूनच बोलली म्हणे. ठीक आहे म्हणाली, आवराआवर चाललीय, उद्या या. बाबांना बरं वाटलं. मी विचारलं, दार उघडलं का? नाही म्हणाले, आतून बोलली. मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

स्टेशनवर आले तर गाड्या बंद. कुठेतरी वायर तुटलीय. रिक्षावाले डोंबिवली म्हटल्यावर मान हलवतात. रस्ता तुंबलाय. चालत तरी—

१९ फेब्रुवारी, बुधवार

मोबाइलवर लिहितेय. वही स्टेशनवरच राहिली.

रात्री उशिरा पोचले होते. दार वाजवलं. आतून ठीक आहे. रात्रभर जिन्यात बसले. सोनटक्के काकूंनी चहा दिला. त्यांनी आत्याला शनिवारपासून पाहिलेलं नाही.

शनिवारपासून. मग रविवारी मला घावणे कुणी—

नाही. रविवारी ती होती. मी तिला धरलं. गरम होती. अगं गुडघा म्हणाली.

सकाळ झाली. खाली ढोल-ताशे चालू झालेत, मुलं भगवे फेटे बांधून निघालीत. बाबा रिक्षा घेऊन येतायत. कुलूपवाला म्हणाला कडी आतून आहे, तोडावी लागेल, माणसं घेऊन येतो. गेला. अजून नाही.

दार वाजवते. मी ठीक आहे. पुन्हा. मी ठीक आहे. तोच सूर. शब्द कमी नाही, जास्त नाही.

आत्या, मला नावाने हाक मार ना.

काही नाही.

नऊ वाजत आलेत. साइट बंद असूनही फोनवर आमची भिंत दिसतेय. तिचं नाव हिरवं. तिचं हिरवं नको मला. मला लाल हवंय. लाल असतं तर तेव्हाच धावले असते—

सरांनी पिंडासमोर जे केलं तेच करते. दुसरं काय आहे माझ्याकडे.

दाराला तोंड लावून म्हटलं. मोठ्याने. काकू बघत होत्या, बघू देत. म्हटलं, सर्वेश, चुकले मी. तुझी साद परत लावीन. तिच्या खालचं जे पॅकेज उरलं नाही ते मी स्वतः लिहीन, एकेक ओळ. तुझ्या खुर्चीवर बसेन. मी आहे तोवर तिला कुणी हात लावणार नाही. मी शब्द देते. फक्त आत्याला सोड.

ढोल थांबले. किंवा मलाच ऐकू येईना.

कडी निघाली. आतून.

दार उघडतंय—

आत्या. उभी आहे. हसतेय. साडी नेसलीय, केस विंचरलेत, ये म्हणते. म्हणाली, मृणाल, ये. नावाने. देवा, नावाने हाक मारली तिने—

तिच्या मागे आतली खोली दिसतेय. खिडकीजवळ खुर्ची. खुर्चीत कुणीतरी बसलंय, मान एका बाजूला पडलेली, तीच साडी, त्याच बांग—

ये, म्हणते. हात धरलाय माझा. गार आ